सव्वीस वेळा ‘आय नो’ : एक गाणं घरी बांधून काढतानाच्या नोंदी

5 जून, गुरुवार

अमेरिकन गायक बिल विदर्सचं ‘एंट नो सनशाइन’ घरी बांधून काढायचं, हे आज नक्की झालं. नुसतं गाऊन घ्यायचं नाही. मूळ रेकॉर्डवर जे वाद्य जिथे येतं तिथेच आणायचं, जिथे थांबतं तिथेच थांबवायचं, आणि दोन मिनिटांहून जेमतेम मोठं असलेलं हे गाणं उभं कशावर आहे ते हाताने शोधायचं. गाणं 1971 सालचं. ‘जस्ट ॲज आय ॲम’ या त्याच्या पहिल्यावहिल्या अल्बममधलं.

माणसं अशी: गाणार दादा. गिटार आणि बेस मी. ड्रम्स भाचा, कॉलेजच्या बॅण्डमध्ये वाजवतो. व्हायोलिनसाठी समोरच्या इमारतीतल्या मावशी, त्या शिकवण्या घेतात. जागा माझी खोली, भिंतींना गाद्या लावून. दादा भोसरीत मशीन शॉपमध्ये आहे, एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. भाचा मोकळा रविवारी. म्हणजे काम तुकड्यातुकड्यांनी करावं लागणार. एकेक ट्रॅक वेगळा घ्यायचा आणि मग जोडायचा.

दादाला आज गाणं पहिल्यांदा ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होता. मध्ये ‘आय नो, आय नो’ सुरू झालं आणि थांबेचना, तेव्हा डोळे उघडले. संपल्यावर म्हणाला, “चाल गोड आहे. पण मधले शब्द कुठे गेले?”

8 जून, रविवार

मधल्या शब्दांचं उत्तर दादाला द्यायचं म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

विदर्स तिथे आणखी ओळी लिहिणार होता. त्या सुचेपर्यंत जागा धरून ठेवायला तो ‘आय नो’ म्हणत राहिला. रेकॉर्डिंगच्या वेळी निर्माता बुकर टी. जोन्स आणि इतर वादकांनी त्याला सांगितलं, हे असंच ठेव. त्याने ऐकलं. विमानांची स्वच्छतागृहं बनवणाऱ्या कारखान्यातून आलेला, तिशी ओलांडलेला माणूस. आणि सांगणारे सगळे नावाजलेले. ड्रम्सवर अल जॅक्सन, बेसवर डोनाल्ड ‘डक’ डन. हे दोघे आणि बुकर टी. एकाच वाद्यवृंदातले, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीच्या कितीतरी रेकॉर्ड्समागे हेच हात. गिटारवर स्टीफन स्टिल्स. अशा लोकांनी ‘पुरे’ म्हटलं.

26 वेळा येतं ते. मी आज पेन घेऊन रेघा मारत मोजलं.

एक गोष्ट मला फार आवडली. या अल्बमसाठी तीन-तीन तासांची चार सत्रं ठरली होती. पैसे संपले, म्हणून तीनच झाली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात सहा महिन्यांचं अंतर पडलं. एवढ्या तोकड्या वेळात अख्खा अल्बम झाला. आमच्याकडे गुरुवार-रविवार आहेत, तक्रार करायला जागा नाही.

12 जून, गुरुवार

गिटारचा भाग बसवला. ए मायनर कॉर्ड धरायचा. ओळ संपली की ई मायनर, जी आणि परत ए मायनर अशी छोटी पायरी चढून घरी यायचं. तिसऱ्या ओळीला ई मायनर, मग डी मायनर, आणि चौथ्याला परत घरी. चार-चार मात्रांच्या आठ मापांत कडवं संपतं. धृपद असं काही नाहीच. पहिली ओळच मुखडा आणि तोच शेवट.

शिकायला अर्धा तास लागला. वाजवायला मात्र अजून येत नाही. गायकाचा शब्द संपल्यावर ती पायरी यायला हवी आणि पुढचा शब्द सुरू व्हायच्या आत संपून जायला हवी. मी ती दर वेळी थोडी लवकर वाजवते. कीर्तनात बुवांचं वाक्य पुरं व्हायच्या आत टाळ वाजवणाऱ्यासारखं होतं.

मावशींनी चाल ऐकली आणि व्हायोलिन हातात घेण्याआधीच गुणगुणल्या. “अगं, सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानीचे सूर आहेत हे.” बरोबर आहे, चाल बहुतेक याच पाच सुरांत फिरते. पण मावशींनीच लगेच पुढे सांगितलं की सूर तेच असले म्हणून राग तो होत नाही. धानी चंचल आहे, आणि हा माणूस जागेवरून हलायला तयार नाही. हे वाक्य मी वहीत वेगळं लिहून घेतलं.

19 जून, गुरुवार

काम नाही. पालख्या आल्या आहेत. दादाचं भजनी मंडळ आकुर्डीला सेवेत आहे.

26 जून, गुरुवार

आज दादाच्या आवाजाची पहिली चाचणी.

अडचण पहिल्याच क्षणी आली. गाण्याला सुरुवातीचं संगीत नाही. आधी चार मापं गिटार, मग गायक, असं काही नाही. आवाजच पहिला येतो, सा च्या खालून उचलत, आणि ‘सनशाइन’पर्यंत पोचेस्तोवर आपण आत गेलेले असतो. दादाला पेटीने सूर दिल्याशिवाय गायची सवय नाही. तो मला म्हणाला, “आधी सूर दे, मग गातो. हवेतून कसा उचलू?” शेवटी त्याच्या कानात हेडफोनवर पांढरी सहाचा तानपुरा लावला आणि माइकवर फक्त आवाज घेतला. नंतर ऐकताना कळलं की सूर जागेवर आहे पण पहिल्या शब्दात तानपुऱ्यावर टेकल्याचा निवांतपणा आहे. मूळ गाण्यात तो नाही. तिथे माणूस एकटा आहे.

दादाबद्दल इथे लिहायलाच हवं, कारण हे सगळं त्याच्यासाठी आहे. दादा लहानपणापासून बोलताना अडखळतो. ‘क’ आणि ‘प’ वर जास्त. गाताना कधीच नाही. अभंग असो, गौळण असो, एक अक्षर अडत नाही. घरी आम्हाला याचं काही वाटत नाही, पण शाळेत त्याचं काय झालं ते मी पाहिलं आहे. वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की तो सकाळपासून जेवायचा नाही. बिल विदर्ससुद्धा अडखळत बोलायचा, अगदी अठ्ठाविशीपर्यंत, हे मला कळलं तेव्हाच हे गाणं दादाने गावं असं मनात आलं. दादाला मी हे अजून सांगितलेलं नाही.

4 जुलै, शुक्रवार

आज विदर्सचा जन्मदिवस. 1938, वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क, कोळशाच्या खाणींचं गाव. सहा भावंडांत धाकटा. वाढला जवळच्या बेकलीत. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे नौदलात नऊ वर्षं. 1967 मध्ये लॉस एंजलिसला आला, कारखान्यात लागला आणि पगारातून पैसे काढून गाण्यांचे नमुने रेकॉर्ड करत राहिला. ससेक्स रेकॉर्ड्सच्या क्लॅरेन्स अवांतने त्याला घेतलं तेव्हा तो ‘वेबर एअरक्राफ्ट’मध्ये बोइंग 747 साठी स्वच्छतागृहं तयार करत होता. गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही म्हणून नोकरी त्याने लगेच सोडलीही नाही.

अल्बमचं मुखपृष्ठ त्या कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत काढलेलं. विटांची भिंत, साधे कपडे, आणि हातात डबा.

रात्री दादा सेकंड शिफ्टहून आला, त्याला तो फोटो दाखवला आणि अडखळण्याचंही सांगून टाकलं. तो बराच वेळ फोटो बघत बसला. मग विचारलं, “किती वर्षांचा होता तेव्हा?” म्हटलं, बत्तीस-तेहतीस. त्याने मान हलवली, स्वतःचा डबा घासायला घेतला. गाण्याबद्दल पुढे काही बोलला नाही. पण झोपताना त्याच्या खोलीतून पहिली ओळ ऐकू आली, पेटीशिवाय.

10 जुलै, गुरुवार

न्यू जर्सीच्या मामेभावाने पाठवलेलं पार्सल पोचलं. ससेक्सची सात इंची, मिनिटाला 45 फेऱ्यांची रेकॉर्ड! त्याला जुन्या रेकॉर्डच्या दुकानात सापडली. मधलं भोक मोठं असतं या अमेरिकन सिंगल्सना. आपल्या प्लेअरच्या खुंटीवर ती डगडगते. मधे बसवायची प्लॅस्टिकची चकती त्याने आठवणीने सोबत घातली होती, म्हणून आजच लावता आली.

दादाने विचारलं, आपलं गाणं कुठल्या बाजूला? मागच्या. पुढच्या बाजूला ‘हार्लेम’. कंपनीला तेच चालेल असं वाटलं होतं. रेडिओवरच्या लोकांनी रेकॉर्ड उलटली आणि मागची बाजू वाजवायला लागले. मग हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि 1972 मध्ये त्याला सर्वोत्तम आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्याचं ग्रॅमी मिळालं.

आम्ही दोन्ही बाजू त्याच क्रमाने ऐकल्या, आधी ‘हार्लेम’. तेही उत्तम गाणं आहे, जोमदार, चढत जाणारं. का पुढे ठेवलं असेल ते कळतं. आणि मग रेकॉर्ड उलटून सुई टेकवली, खरखर, खरखर, आणि एकदम तो आवाज. मोबाइलवर इतक्यांदा ऐकूनही मला हे समजलं नव्हतं की या आवाजाच्या आधी काहीही नसणं किती धीट आहे. रेडिओवर तर त्याआधी जाहिरात असणार, निवेदक असणार.

आज अर्थाबद्दलही बोलणं झालं. दादा समजत होता की बायको माहेरी गेल्याचं गाणं आहे. विदर्सला ते सुचलं होतं 1962 च्या ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ या चित्रपटावरून. तो त्याने टीव्हीवर पाहिला होता. जॅक लेमन आणि ली रेमिक, दारूत बुडत जाणारं जोडपं. जे आपल्याला बरं करत नाही त्याचीच ओढ लागणं. ‘आय नो’ संपताना गाणारा म्हणतोच की हिला सोडून द्यायला हवं, आणि पुढच्याच श्वासात परत पहिल्या ओळीवर येतो. सव्वीसदा ‘ठाऊक आहे’ म्हणून झालं, उपयोग शून्य.

दादा म्हणाला, “मग तिथे शब्द नाहीत तेच बरोबर आहे. असं ठाऊक असलेल्याला कोण काय समजावणार?” आमच्या काकांचं नाव त्याने घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

13 जुलै, रविवार

भाच्याचे ड्रम्स. हेडफोनवर मेट्रोनोमची टिकटिक, मिनिटाला 78 मात्रा.

पोरगा तयारीचा आहे आणि तीच पंचाईत. दर चार मापांनी हात सुटतो, टॉमवर, म्हणजे वरच्या ड्रमांवर, एक फेरी मारून येतो. मी अल जॅक्सनचं वाजवणं त्याला चार वेळा ऐकवलं. चौथ्यांदा तो स्वतःच म्हणाला, “आत्या, हा काहीच वाजवत नाहीये, आणि तरी गाणं हलतंय.” मग आम्ही एकेक गोष्ट काढत गेलो. आधी टॉम. मग क्रॅश झांज. शेवटी हाय-हॅट, किक आणि स्नेअरचा हलका टोला एवढंच उरलं, तेव्हा कुठे गाण्याच्या जवळ आलो. दुपारभर पाऊस पत्र्यावर वाजत होता. दोन टेक त्यात गेले.

बेसही आज झाला. डनच्या बेसमध्ये जे नाहीये ते सोडायला मला तेवढंच जड गेलं.

17 जुलै, गुरुवार

‘आय नो’चा दिवस.

त्या भागात गिटार गप्प होते, व्हायोलिनं गप्प होतात, खाली ड्रमचा ठेका तेवढा उरतो. आणि ‘आय नो’ सरळ मात्रेवर बसत नाहीत. मात्रेच्या अलीकडे-पलीकडे सरकत राहतात. तबलजी असता तर म्हणाला असता की लयीशी खेळतोय. मला खेळ वाटत नाही. माणूस चालत असावा आणि त्याचं चित्त दुसरीकडे असावं, तशी ती लय आहे.

दादाने मोजायची युक्ती काढली, जपाची. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायचा. एका हाताची बारा, दुसऱ्याची बारा, आणि वर दोन. 26 पक्के. पहिल्याच टेकला बरोबर आले आणि बरोबर मापावर संपले. आम्ही दोघांनी ऐकलं. सव्वीस मोजलेले ‘आय नो’ होते ते. प्रत्येकाला जणू अनुक्रमांक होता.

मग म्हटलं, मोजू नकोस. मोजलं नाही तर कधी एकोणीसला थांबायचा, कधी तीसच्या पुढे, आणि तोवर भाच्याचा ट्रॅक पुढच्या कडव्यावर निघून गेलेला. नऊ टेक. नवव्यानंतर दादा बोलताना इतका अडखळायला लागला की मी मशीन बंद केलं आणि चहा टाकला.

20 जुलै, रविवार

काल रात्री एकटीने जोडाजोड करून पाहिली. न मोजलेला सगळ्यात चांगला टेक घेतला, 21 चा, आणि त्यातलेच पाच ‘आय नो’ उचलून पुढे चिकटवले. पडद्यावर वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, निर्दोष दिसत होता. ऐकताना मात्र बाविसाव्याला लगेच कळतं. दादाचा श्वास एकविसाव्यापर्यंत संपत आलेला असतो आणि बाविसाव्याला तो अचानक ताजातवाना होतो. खोटं. पुसून टाकलं.

आणि आज भाच्याशी बोलता बोलता चूक सापडली, ती दादाची नाहीच. चूक माझ्या 5 जूनच्या नोंदीत आहे: ‘एकेक ट्रॅक वेगळा घ्यायचा आणि मग जोडायचा.’ मूळ गाण्यात त्या ठेक्यावर जॅक्सन बसलेला होता. गायक आता परत येतोय की अजून थोडा घुटमळणार आहे, हे तो ऐकत होता. दादाला मी गायला दिला तो रेकॉर्ड झालेला ठेका; तो ऐकत नाही, थांबत नाही. दादा भजनात पखवाजाशी डोळ्यांनी बोलून गाणारा माणूस. त्याला मी मापात अडकवला आणि तिथे मोकळं गा म्हटलं.

म्हणजे तिघांनी एका खोलीत, एकदम. मेट्रोनोम नाही. दीड महिन्याचे ट्रॅक बाजूला. मला वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं.

व्हायोलिन मात्र नंतरच. ते मुळातही नंतरच झालं होतं: गाणं लॉस एंजलिसमध्ये रेकॉर्ड झालं आणि तंतुवाद्यं मागाहून मेम्फिसमध्ये चढवली गेली.

24 जुलै, गुरुवार

भाच्याची परीक्षा. शिवाय मागच्या मैदानात ढोल पथकाचा सराव सुरू झाला, संध्याकाळी सहानंतर खोलीत सुईसुद्धा रेकॉर्ड करता येणार नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी आठला बसायचं ठरलं.

मायकल जॅक्सनने 1972 च्या आपल्या पहिल्या एकट्याच्या अल्बममध्ये हे गाणं घेतलं होतं, ते आज ऐकलं. कोवळा, अद्भुत आवाज. पण सुरुवातीला आधी थोडं बोलणं आहे. मला ते बोलणं नको वाटलं. आमच्या पहिल्या शब्दाची आता मला फार काळजी आहे.

31 जुलै, गुरुवार

सकाळी आठ ते पावणेबारा. दादा खोलीच्या मधोमध, मी त्याच्या उजवीकडे स्टुलावर, भाचा दाराशी. ड्रम्सवर जुन्या सुती साड्या टाकल्या होत्या, नाहीतर सगळं दादाच्या माइकमध्ये शिरलं असतं. बेस आणि गिटार मला एकदम वाजवता येत नाही, म्हणून बेस नंतर. कानात तानपुरा नाही. दादाने पेटीवर पांढरी सहा एकदा दाबली, सोडली, आवाज विरू दिला आणि मग गायला.

पहिले तीन टेक गेले: एकात मी घाई केली, एकात कुकरची शिट्टी, एकात भाच्याचा हात सवयीने टॉमवर गेला.

चौथा. पहिला शब्द आला तोच वेगळा आला. कडवं झालं, दुसरं झालं, मी हात तारांवर आडवा ठेवला आणि थांबले. दादा भाच्याकडे बघत होता, भाचा दादाच्या छातीकडे, श्वासाकडे. ‘आय नो’ सुरू झाले. मध्ये एक जागा आली, तिथे मला वाटलं दादा बोलताना अडखळतो तसा आता अडखळला. अक्षर थोडं उशिरा सुटलं. भाच्याने स्नेअरचा टोला किंचित मागे ओढला आणि त्याला घेतलं. दादा हसला नाही, थांबला नाही, पुढे गेला. मग खांदे खाली आले, मला कळलं आता परततोय, आणि आम्ही तिघे एकदम पहिल्या ओळीवर आलो. कुणी कुणाला खूण केली नव्हती.

पाचवा टेक घेतला नाही.

दादा पाणी प्यायला. “किती झाले?” भाचा म्हणाला मोजले नाहीत. मी म्हटलं, ऐकून सांगते. दादा म्हणाला, “नको सांगू.”

3 ऑगस्ट, रविवार

मावशींनी तंतुवाद्यं चढवली, एकट्यांनी पाच वेळा वाजवून. दुसऱ्या कडव्यापासून. सुरुवातीला त्या प्रत्येक सुरावर मींडेने, घसरत जात होत्या आणि गाण्याला आपोआप पाणी सुटत होतं. “रडायचं काम आवाज करतोय, तुम्ही नुसतं उभं राहा,” असं म्हणायला मला संकोच वाटत होता. चौथ्या वेळी त्यांनीच गज सरळ ठेवला.

एक जागा राहिली आहे. ‘आय नो’ संपून कडवं परत सुरू होताना व्हायोलिन मूळच्या मापाने आलं, आणि आमचं गाणं तिथे मूळ मापावर नाही. मावशी म्हणाल्या, फाइल पाठव, दादाचा श्वास ऐकून बसवते. बेसचा शेवटच्या ओळीतला एक सूर लांबला आहे, तो परत घ्यायचा. दादाने चौथा टेक आहे तसा मोबाइलवर मागून घेतला. बेस नाही, व्हायोलिन नाही, मागे साडीखालचा ड्रम. अडीच वाजता डबा घेऊन सेकंड शिफ्टला गेला.